पाडव्याच्या झाडाची ओवी

झरी, अक्षय तृतीया, १९५६

पूर्णा जंक्शनला राहणाऱ्यांना झरीच्या घरून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. घर सोडल्यापासूनचं पहिलंच. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "काय लिव्हलंय?" मी सांगितलं, ओव्या मागितल्यात. "आन् ह्या आईची खुशाली?" मी म्हटलं, तेवढी जागा उरली नसेल कागदावर. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

तुम्ही लिहिता की रेल्वेची नोकरी झकास चालली आहे, क्वार्टरला विजेचा दिवा आहे, चार मित्रांनी मिळून कलापथक काढलंय आणि सगळे तुम्हाला शाहीर म्हणतात. पेटी आहे, डफ आहे, टाळ आहेत. फक्त गाणं नाही. म्हणून मी माझ्या जात्यावरच्या ओव्या कागदावर उतरवून धाडाव्यात. वाचून मला हसू आलं. नवरदेव आहे, घोडा आहे, वाजंत्री आहे आणि नवरीचा पत्ता नाही, असं हे तुमचं लग्न.

जाताना काय बोलला होतात ते तुम्ही विसरला असाल. अंगणात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होतात, "ह्या घरात माजा जीव कोंडायलाय. हिकडं आईचा धाक, तिकडं भावाचा धाक, दिसभर औत. मानसाला मोकळीक असंल तरच गानं सुचतंय." आणि मोकळीक घ्यायला गेलात. शेत थोरल्या दिरांकडं, आई माझ्याकडं आणि मोकळीक तुमच्याकडं, अशी वाटणी झाली. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला वाटलं, खरंच काही सुचेल या माणसाला. आता मोकळीक पोटभर झाली असेल तर तिची गाणी दाखवा.

खरं सांगायचं तर तुम्हाला जन्मात एकच गाणं सुचलं. तेही निजामाच्या अमलात, सभांना बंदी होती तेव्हा. अमीन, निजामाचा फौजदार, समोर बाजेवर बसलेला असायचा, म्हणून तुम्ही ढेकणाचा पोवाडा रचलात. बाजेत शिरलेला ढेकूण, दुसऱ्याच्या रक्तावर फुगलेला. लोक हसून हसून आडवे व्हायचे, आणि अमीनही अंग खाजवत हसायचा, कारण त्यात त्याला बोट ठेवायला नावच सापडायचं नाही. त्या दिवसांत मला तुमचा अभिमान वाटायचा. मग पोलीस ॲक्शन झाली, अमीन गेला, कुणालाही नाव घेऊन शिव्या द्यायची मुभा आली. त्यानंतर तुम्ही जे गायलात तो नुसता जयजयकार होता.

तुम्ही विचारता, "तुला कसं काय सुचतं?" सांगते. ह्या घरात आले तेव्हा आत्याबाईंनी उंबऱ्यातच बजावलं होतं, सुनेनं घरातल्या थोरांचं नाव घ्यायचं नाही आणि त्या नावाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही. रीत सगळ्याच घरांत आहे. पण तुमच्या घराण्यानं नावं अशी निवडून ठेवलीत की सुनेला बोलायला काही उरू नये. सासऱ्यांचं नाव पिवळ्या धातूवरून. थोरल्या दिरांचं कौसल्येच्या लेकावरून. आत्याबाईंचं, ज्याचं जातं घडवतात त्याच्यावरून. आणि तुमचं, पाडव्याला ज्याचा कडू पाला खातात त्या झाडावरून. म्हणजे मला दागिना बोलायची चोरी, देव बोलायची चोरी, आणि दारात उभ्या असलेल्या झाडाला झाड म्हणून भागवायचं. जात्यावर बसलं की बाकीच्या बायकांच्या ओव्या ह्याच चार शब्दांवर चालायच्या. मी आपली मुकी होऊन दळायची.

मुकेपणाचा एक दिवस वीट आला आणि मी त्या शब्दांना वळसा घालायला लागले. पहिली ओवी आली ती अशी:

पाडव्याच्या दिवशी ज्याचा । पाला कडू मुखी घ्यावा
त्याच्याच गं सावलीला । जन्म बाईचा सरावा

एका लग्नाघरी हळद दळताना म्हटली. बायकांनी जातं थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावली. त्या झाडाचं नाव घ्यायची सोय असती तर मी ते घेऊन पुढं गेले असते. नाव नव्हतं म्हणून झाडापाशी थांबून त्याच्याकडं बघावं लागलं. मग पाला आला, सावली आली, आणि बोलावलं नसताना तुम्हीही आलात.

बाकीच्या ओव्या मिळणार नाहीत. ही एक नमुन्याला ठेवा. माझं अक्षर जिंतूरच्या मामांच्या कृपेचं, त्यांनी मला पोथी वाचायला शिकवली. पाकिटावरचं तुमचं नाव मात्र बन्सीधर मास्तरांच्या हातचं आहे. शाळा सुटल्यावर त्यांना थांबवून लिहून घेतलं. तुमच्यापायी मला लोकांचे उपकार घ्यावे लागतात.

तुमच्या आईची सून


झरी, आषाढ, १९५६

पूर्णेच्या शाहिरांना नमस्कार.

तुमची दुरुस्ती मिळाली. तुम्ही लिहिता, ओवी बरी आहे पण आडवळणाची आहे, इंजिनाच्या शेडमधल्या कामगाराला चटकन कळायला हवी, म्हणून तुम्ही ती सरळ केलीत. केलीत म्हणजे दोन्ही ओळींत झाडाचं नाव घातलंत:

......चा पाला कडू । पाडव्याच्या दिवशी खावा
......च्या गं सावलीला । जन्म बाईचा सरावा

जागा मोकळी सोडली आहे, तुम्ही भरून वाचा. आता सांगा, ह्यात राहिलं काय? त्याचा पाला कडू असतो हे शेळीलाही ठाऊक आहे. ती त्याची ओवी करत नाही, गुमान पाला खाते.

तरी मला वाटलं, माझाच राग बोलत असेल. म्हणून तुमचा कागद जात्याजवळ नेला. गल्लीच्या तोंडाशी झुंबरबाई राहतात, आठवत असतील. कुणाचंही लग्न असो, जात्याला पहिला हात त्यांचा लागतो. झाडाचं नाव आलं तिथं त्यांनी म्हटलं, बाकीचं मी वाचलं. झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "हे गानं हाय का दवंडी?" एकीनं तर पुढं काय झालं म्हणून वाट पाहिली. मी सांगितलं, पुढं काही झालं नाही, एवढंच आहे.

तुम्ही आणखी एक औदार्य दाखवलंत. "जमाना बदलला आहे. तू माझं नाव घेत जा. मी तुला मोकळी करतो." वा. बंदी घातली आत्याबाईंनी, पाळली मी, आणि उठवणार तुम्ही. तुम्ही ह्या घरात कशालाच हात लावला नाहीत, निदान ह्याला तरी लावू नका.

पाऊस बरा आहे. ज्वारी पेरून झाली. थोरल्या दिरांचा गुडघा दुखतो. हे विचारलं नव्हतंत, तरी लिहिलं.

दारातल्या झाडाखालची


झरी, कोजागिरीचा दुसरा दिवस, १९५६

शाहीर,

आज नमस्कार नाही. आधी एक गोष्ट सांगते, मग कारण.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत आत्याबाई तापानं पडल्या होत्या. उतार पडल्यावर एके दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, "माजं लेकरू तुला टाकून गेलं. आता कुनाची लाज धरायलीस? घे त्याचं नाव. माजं बी घे. म्या सोडलं तुला." त्या रडत नव्हत्या, पण मला रडू आलं. इतक्या वर्षांत ह्या बाईनं मला दिलेली ही पहिली मोठी वस्तू होती.

मी शेतात गेले आणि बांधावरच्या झाडाला त्याच्या नावानं हाक मारली. मोठ्यानं. काही झालं नाही, फांदीवरचा कावळासुद्धा उडाला नाही. मग आत्याबाईंचं नाव, सासऱ्यांचं नाव, सगळं तोंड भरून बोलून घेतलं. घरी येऊन जात्यावर बसले, म्हटलं आता काय, चारही शब्द हाताशी आहेत, आज ओव्यांचा पूर येईल.

पीठ झालं. ओवी आली नाही. आल्या त्या अगदी तुमच्यासारख्या, सरळ, आणि मेलेल्या. दागिन्याला धातूचं नाव लावलं की दागिना संपला. देवाचं नाव घेतलं की देवाविषयी बोलायचं राहिलंच नाही. काही दिवस तसंच केलं आणि मला खरोखर भीती वाटली, की माझं होतं नव्हतं ते गेलं. मोटेचं पाणी पाटानं गेलं तर मळा भिजतो, वाटेल तिकडं सोडलं तर विहिरीपाशीच चिखल होतो. मी त्या चिखलात बसले होते.

शेवटी आत्याबाईंना म्हटलं, तुमची बंदी मला परत द्या.

"येडी का खुळी तू?" त्या म्हणाल्या. "लोकं बंदी उठवा म्हनून बोंबलायलेत."

"असंल. मला लागती."

त्यांनी हात झटकला. "घे बाई. तुजं तू बघ."

त्याच आठवड्यात ही आली:

वरची फिरं, खालची बसं । दोघी एका खुंट्यापाशी
पीठ साऱ्या घराला गं । दोघी राहिल्या उपाशी

जातं कशाचं आहे ते ह्यात सांगितलेलं नाही, कारण ते सांगणं म्हणजे आत्याबाईंचं नाव घेणं. मी गात होते तेव्हा त्या अंथरुणातून उठून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि खुंट्याला हात लावला. "खालची मीच का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "दोगी बी." त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून सगळं दळण संपवलं. मी ह्या घरात आल्यापासून आम्ही एका जात्यावर बसण्याची ती पहिली खेप.

हे एवढ्यासाठी लिहिलं, की मी तुमचं नाव घेत नाही ते तुमच्या इज्जतीसाठी, असं कुठल्या चहाच्या टपरीवर सांगत फिरू नका. तुमच्या इज्जतीचं मला काही पडलेलं नाही. ते माझं हत्यार आहे.

आता कारण. बन्सीधर मास्तर परभणीला गेले होते, तिथून छापील कागद घेऊन आले. नवं राज्य होणार, त्याच्या आनंदात नोव्हेंबरात जलसा, आणि त्यात शाहीर अमुक अमुक यांच्या स्वरचित ओव्या. खाली वानगीदाखल एक ओवी छापली आहे. माझी. दुरुस्ती न केलेली. म्हणजे तुमच्या सरळ ओवीवर शेडमधला कामगारही फिरकला नसणार.

स्वरचित. मी तो शब्द मास्तरांना पुन्हा वाचायला लावला, आपणच चुकीचा वाचला असं वाटून. मास्तर खाली बघायला लागले. मला इतका संताप आला की अंगणातला पाट उचलून भिंतीवर आपटला. ज्यात मी माझा जन्म घातला ते तुम्ही खिशात घालून नेलंत आणि त्यावर आपल्या नावाचं लेबल लावलंत. दुसऱ्याच्या रक्तावर फुगणाऱ्याचा पोवाडा तुम्हीच रचला होतात, तेव्हा जास्त लिहीत नाही.

ओवी म्हणा. अडवत नाही, तुमचा गळा चांगला आहे. फक्त म्हणण्याआधी माझं नाव घ्या. तुमच्यावर कुणी बंदी घातलेली नाही. इतकी वर्षं "अगं ए" आणि "ऐकलं का" ह्यावर भागवलंत, एकदा लोकांसमोर नाव घ्या. मला दुसरं काही नको, वहाणा नको, लुगडं नको, माघारी येणंही नको.

मी जलशाला येणार आहे.

धुरपदाबाई
(लक्षात नसेल म्हणून लिहिलं)


झरी, कार्तिक पौर्णिमा, १९५६

शाहीर,

परभणीच्या मैदानावर मी तुम्हाला दिसले नसेन. झरीच्या आम्ही बायका मोटारीनं आलो होतो आणि अगदी पुढं, धुळीत बसलो होतो. झुंबरबाई माझ्या शेजारी. तुम्ही जरीचा फेटा बांधला होता. तो कुणाकडून आणला ते मला ठाऊक नाही, पण मानेला जड होत होता एवढं दिसलं.

भोंग्यात तोंड घालून तुम्ही म्हणालात, "आता माझी एक रचना सादर करतो." माझी. मी तोपर्यंत आशा धरून होते, तिथं सोडली.

मग गायलात. खोटं कशाला बोलू, चांगलं गायलात. "जन्म बाईचा सरावा" म्हणताना तुमचा आवाज जरा कापला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच डोळ्यांचा मला राग आला. टाळ्या पडल्या. तुम्ही छातीवर हात ठेवून मान लववलीत.

आणि झुंबरबाई उठल्या. मी त्यांना काही शिकवलं नव्हतं. त्या कुणाच्या शिकवण्यानं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

"शाहीर, ओवी लय झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर एक पुसते. त्या झाडाचं नाव का न्हाई घेतलं?"

तुम्ही हसलात. "माय, ती रचनेची खुबी हाय."

"असंल. पर आमच्यात त्या झाडाचं नाव एकच बाई टाळती. जिच्या घरात त्या नावाचा मानूस असतो ती. तुमचं नाव काय म्हनलाव?"

तुमच्यामागं तो नावं पुकारणारा उभा होता, त्याला वाटलं बाई कौतुकानं विचारतेय. त्यानं भोंग्यातून तुमचं नाव सगळ्या परभणीला ऐकवलं.

मग बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच. "मंग सोताचंच नाव घ्यायला लाजायलाव व्हय? तुमी कुनाची सून हाव, शाहीर?"

त्यानंतरचं हसणं तुम्ही ऐकलंत. ते बायकांकडून पुरुषांकडं गेलं, आणि पुरुषांना समजायला जरा वेळ लागला म्हणून जास्त वेळ चाललं. माझी ओवी तुम्ही चोरलीत, पण तिच्यात तुमच्या नावाएवढं भोक होतं ते तुम्हाला दिसलं नाही. कारण तुम्हाला कधी काही गिळावंच लागलं नाही. बुजवलं असतंत तर ओवी मेली असती, तसंच ठेवलंत तर पकडले गेलात. ह्याला मी काय करू?

मला हसू आलं नाही. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. अजून वेळ होता. झुंबरबाईंनीच वाट करून दिली, हसणं थांबल्यावर साध्या आवाजात म्हणाल्या, "रचली कुनी त्ये सांगा आन् सुटा." भोंगा तुमच्या तोंडासमोर होता. तुम्ही मला त्याच वेळी पाहिलंत, नाही म्हणू नका. फेटा सारखा केलात, घसा खाकरलात आणि म्हणालात, "पुढचं गाणं पंचवार्षिक योजनेवर."

तुम्ही धरणाचं गाणं म्हणत होतात तेव्हा इकडं बायका एकमेकींना विचारत होत्या, ही ओवी कुणाची. झुंबरबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिची." एक जिंतूरकडची होती, एक झोळीत मूल घेतलेली मानवतची. त्या म्हणाल्या, दुसरी एखादी सांगा. तुमचा भोंगा ओरडत होता म्हणून सगळ्या जवळ सरकून बसल्या, आणि मी त्यांना जात्याची सांगितली. त्यांनी ती तिथंच पाठ केली.

घरी आले तर आत्याबाई दारात. "तुजं नाव घेतलं का?"

"न्हाई."

लेकाची आई आहे ती, तिला लागलंच असणार. मग म्हणाल्या, "चल, जेव." ताटात त्यांनी स्वतः वाढलं.

आणि परवा तुमचं पत्र आलं. झालं गेलं विसर. क्वार्टर मोठं आहे. विजेचा दिवा आहे. इथं सासू नाही, दीर नाही, कुणाचा धाक नाही, मोकळेपणानं राहा, बसून रचत जा, कलापथक तुझ्या ओव्या गाईल. सगळं लिहिलंत. माझं नाव ह्याही पत्रात नाही, "प्रिय" एवढ्यावर भागवलंत.

मी येणार नाही. इथं मला बोलायला बंदी आहे आणि बोलायला पुष्कळ आहे. तिथं तुमच्याकडं मुभा आहे, आणि तिचं तुम्ही काय केलंत ते मी धुळीत बसून पाहिलं. तुमची मला आता चीडसुद्धा येत नाही. चीड यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

ह्या वेळी पाकिटाला मास्तरांचा हात लावू दिलेला नाही. पत्ता मीच घालणार आहे. तुमचं नाव मात्र लिहिणार नाही. तुमचा मान म्हणून नाही. तो शब्द मला अजून लागतो, त्यातून बरंच यायचं आहे. एका पाकिटावर खर्चून टाकण्याइतका तो स्वस्त नाही. तेव्हा पत्ता असा:

इंजिनाची शेड, पूर्णा जंक्शन. परभणीच्या जलशात ज्यांना बायकोचं नाव घेता आलं नाही, त्यांना मिळे.

टपालवाला नीट आणून देईल. त्याला वाटेत कुणाला विचारावं लागणार नाही.

धुरपदाबाई